रंगीत उंदरांची वही

१९०१ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या एल्सबरी गावी एक प्रदर्शन भरले होते. मेरी डग्लस या बाईंनी तिथे आपला काळा-पांढरा उंदीर मांडला आणि परीक्षकांनी पहिला मान त्यालाच दिला. त्याच ऑक्टोबरात मुंबई प्लेगच्या सहाव्या वर्षात होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले, तेव्हापासून या शहरात मेलेला उंदीर ही घर सोडण्याची सूचना झाली होती. आढ्यावरून उंदीर पडला की बिऱ्हाडे गाशा गुंडाळून गावाकडे निघत. मुंबईतला तो बहुतेक काळा घरउंदीर आणि एल्सबरीचा मानकरी तपकिरी उंदराच्या कुळातला. सख्खे नव्हेत, चुलत. पण ज्या जातीच्या नुसत्या चाहुलीने एक शहर रिकामे होत होते, तिच्यातल्याच एकाला दुसरीकडे बक्षीस मिळत होते.

आपल्या मनात अजूनही मुंबईचीच बाजू जास्त पक्की आहे आणि त्यात चूक काही नाही. महापालिकेचे मूषक संहारक आजही रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. दुसरीकडे क्रॉफर्ड मार्केटच्या प्राण्यांच्या बोळात आणि इतर शहरांतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पांढरे, ठिपक्यांचे उंदीर मुलांसाठी विकले जातात. घरी आणलेल्या जोडीचे पुढे काय होते, याची चर्चा मात्र कोणी करत नाही. किळस किंवा कौतुक यांपैकी एक निवडण्याआधी उंदरांची पैदास हा छंद जिथे रुजला, तिथे तो चालतो कसा हे समजून घ्यायला हवे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत उंदीर एकच. फार तर घूस वेगळी काढतो, आणि चिचुंदरी उगाचच त्यांच्यात धरतो. ती उंदीर नाहीच. इंग्रजीत माउस आणि रॅट असे दोन. माउस म्हणजे मुठीत मावणारा, पंचवीस-तीस ग्रॅमचा. रॅट अर्ध्या किलोपर्यंत भरतो. माउस पाहायचा प्राणी. रॅट खांद्यावर बसवून फिरवण्याचा, माणूस ओळखणारा. जपानी भाषेतही दोघांना मिळून एकच 'नेझुमी' आहे, आणि गंमत अशी की या छंदाची सर्वांत जुनी छापील पुस्तके जपानीतच आहेत.

जपानमध्ये दाइकोकु नावाचा संपत्तीचा देव आहे. मूळ आपला महाकाळ. बौद्ध धर्माबरोबर प्रवास करत तिथे पोचला आणि तांदळाच्या पोत्यांवर हसतमुखाने बसला. उंदीर हा त्याचा दूत, त्यातही पांढरा उंदीर भाग्याचा. गणपतीच्या पायाशी मूषक पाहिलेल्या माणसाला हे नवल वाटणार नाही. आपण मात्र मूषकाला मखरात ठेवले आणि बाकीच्यांना सापळा लावला. ओसाका-क्योतोच्या व्यापारी वस्तीतल्या लोकांनी भाग्याचा उंदीर घरात पाळला आणि त्याच्या पैदाशीला लागले. १७७५ साली ओसाकात आणि १७८७ साली क्योतोमध्ये त्यावर पुस्तिका निघाल्या. कोणत्या रंगाला कोणता रंग लावला की पिल्ले कशी निघतात, याच्या सूचना त्यात आहेत. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा जन्म व्हायला अजून पस्तीस वर्षे होती. नियम ठाऊक नसताना नुसत्या निरीक्षणावर ही माणसे रंग जमवत होती.

इंग्लंडमधला उगम इतका देखणा नाही. तिथे उंदीर पकडणारे होते, आणि कुत्र्यांपुढे उंदीर सोडून किती मिनिटांत किती मारले यावर पैज लावणारे गुत्तेवाले होते. जॅक ब्लॅक हा स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या म्हणवणारा इसम हेन्री मेह्यूने लंडनच्या गरिबांवरच्या आपल्या ग्रंथात उभा केला आहे. लाल बंडी, अंगावर आडवा चामडी पट्टा, पट्ट्यावर ओतीव धातूचे उंदीर. पकडलेल्यांत एखादा वेगळ्या रंगाचा निघाला की हा तो मारत नसे. त्यांची जोडी लावी, पिल्ले वाढवी आणि खारीसाठीच्या पिंजऱ्यांत पाळायला घरंदाज बायकांना विकी. मारणाऱ्याच्याच हातून पाळण्याचा धंदा सुरू झाला. याला विरोधाभास म्हणण्याचा मोह होतो, पण त्यात व्यवहार जास्त आहे. रोज शेकडो उंदीर ज्याच्या हातांखालून जातात, त्यालाच वेगळा उंदीर दिसणार.

१८९५ मध्ये वॉल्टर मॅक्सी यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये नॅशनल माउस क्लब निघाला आणि छंदाला नियम आले. सहा वर्षांनी डग्लसबाईंनी रॅटना त्यात जागा मिळवून दिली. १९१२ साली क्लबाच्या नावातही रॅट आला. १९२१ मध्ये बाई गेल्या आणि रॅटचा जोर ओसरला. त्यांचा स्वतंत्र संघ निघायला १९७६ साल उजाडावे लागले.

माउस क्लबाच्या प्रदर्शनातले टेबल जवळून पाहण्यासारखे असते. मॅक्सींच्या नावाची लाकडी खोकी एकापुढे एक ओळीत मांडलेली असतात. सगळी बाहेरून हिरवी, आतून लाल, वर तारेची जाळी. कोणाचे खोके कोणते हे परीक्षकाला कळू नये म्हणून सगळी सारखी, वर फक्त क्रमांकाची चिठ्ठी. परीक्षक शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरून उंदीर बाहेर काढतो आणि हातावर घेतो. अंग लांब आणि सडपातळ हवे. डोळे मोठे, पुढे आलेले. कान ट्यूलिपच्या पाकळीसारखे, सुरकुती नको. शेपूट बुडाशी जाड आणि चाबकाच्या वादीसारखी टोकाकडे निमुळती, लांबी जवळपास अंगाइतकी. मग फुंकर मारून केस दुभंगून पाहायचे. रंग वरवरचा आहे की मुळापर्यंत उतरला आहे, ते तेव्हा कळते. आपल्याकडे खिलार बैलाच्या प्रदर्शनात जाणता माणूस शिंगांची ठेवण, वशिंड, खुरांचा रंग आणि शेपटीचा गोंडा ज्या नजरेने न्याहाळतो, तीच ही नजर. जनावर तेवढे लहान.

अशी शेपूट किंवा असा रंग एका वेतात येत नाही. माउसची मादी एकोणीस ते एकवीस दिवसांत विते, रॅटची बावीसच्या आसपास. एका वेतात आठ-दहा पिल्ले सहज, कधी बारा-चौदा. पाच-सहा आठवड्यांत तीही वयात येतात. विल्यावर काही तासांत मादी पुन्हा माजावर येते आणि नर शेजारीच असेल तर पहिली पिल्ले अंगावर पीत असताना दुसरी पोटात धरते. म्हणजे संख्या वाढवायला काहीच लागत नाही. दोन वेगळ्या लिंगांचे उंदीर आणि एक खोके पुरे. पैदास म्हणजे ही वाढ थोपवणे आणि वळवणे. शौकिनाची खरी हत्यारे दोन, जास्तीचे पिंजरे आणि वही. वहीत कोणत्या नराला कोणती मादी दाखवली, केव्हा, किती पिल्ले झाली, किती जगली, कोणत्या रंगाची, कोणाला खोकला, कोणाला गाठ. हवा तो गुण पक्का करायला बापाला लेक किंवा भावाला बहीण लावावी लागते. सगोत्र विवाह टाळणाऱ्या समाजाला हे कानाला खटकेल, पण जातिवंत म्हणवणारे जवळपास प्रत्येक पाळीव जनावर याच वाटेने आले आहे. या वाटेने चांगला गुण जितका पक्का होतो तितकाच लपलेला दोषही वर येतो. त्याची नोंद नसेल तर दोन पिढ्यांनी तो कोठून आला हे कोणालाच सांगता येत नाही.

या वहीची किंमत अमेरिकेत एका बाईने दाखवून दिली. ॲबी लॅथ्रॉप या निवृत्त शिक्षिका. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी त्यांनी कोंबड्या पाळून पाहिल्या, ते जमले नाही. मग १९०० च्या सुमारास छंदिष्टांसाठी उंदीर पाळायला घेतले. सुरुवात एका जोडीने. पुढे संख्या दहा हजारांवर गेली. पिंजरे साफ करायला गावातली मुले तासाला काही सेंटांवर कामाला. हार्वर्डच्या विल्यम कॅसल यांना आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी उंदीर हवे होते, ते लॅथ्रॉपबाईंकडून घेऊ लागले. १९०८ साली काही उंदरांच्या कातडीवर बाईंना गाठी दिसल्या. दुसरा एखादा व्यापारी ते उंदीर फेकून मोकळा झाला असता. यांनी ते तपासायला पाठवले. लिओ लोब या रोगतज्ज्ञाने गाठी कर्करोगाच्या असल्याचे सांगितले, आणि पुढे दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिले. कोणत्या कुळात स्तनांच्या गाठी जास्त होतात, अंडाशय काढल्यावर त्या कमी होतात का, हे सगळे बाईंच्या वहीवर उभे होते. १९१८ मध्ये त्या वारल्या. १९२१ साली क्लॅरेन्स लिटल यांनी लॅथ्रॉपबाईंच्या कळपातल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून काळ्या उंदरांचा एक वंश सुरू केला. जगभरच्या प्रयोगशाळांत आज सर्वांत जास्त वापरला जाणारा उंदीर त्याच वंशातला, आणि २००२ साली उंदराच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला तोही त्याचाच. नावात तो '५७' अजून आहे. बाईंचे नाव नाही.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटचीही कथा फार वेगळी नाही. २०१२ साली जपानी संशोधकांनी शंभराहून जास्त पांढरे वंश तपासले, तर सगळ्यांच्या पांढरेपणामागे एकच जनुकबदल निघाला. शिवाय डोके-खांदे काळे असलेल्या शौकिनी रॅटची खूणही त्या सगळ्यांत लपलेली होती. सगळे पांढरे रॅट एकाच पूर्वजाचे वंशज, आणि तो पूर्वज शौकिनांच्या पिंजऱ्यातला असण्याचीच शक्यता जास्त.

छंदाच्या बाजूने इतके सांगितल्यावर त्याचा हिशेबही मांडायला हवा. लॅथ्रॉपबाईंची पहिली जोडी 'नाचऱ्या' उंदरांची होती. जपानी शौकिनांचा हा आवडता वाण. गोल गोल गिरक्या घेत राहतो, मान हलवतो, पाहणारा हसतो. हा नाच म्हणजे अंतर्कर्णाचा बिघाड आहे. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसांमुळे ऐकू येते आणि तोल सांभाळला जातो, ते या उंदरात नीट घडतच नाहीत. तो बहिरा असतो आणि खाली-वर कोणीकडे हे त्याला कळत नाही. शंभर-दीडशे वर्षे लोकांनी पैसे मोजून ही घेरी पाहिली.

लालसर-पिवळा उंदीर घ्या. प्रदर्शनात हा रंग उठून दिसतो. फ्रान्समधल्या नान्सीच्या लुसियाँ क्येनो यांनी १९०५ साली लिहिले की पिवळ्याला पिवळा लावून शुद्ध पिवळा वंश काही केल्या मिळत नाही. पाच वर्षांनी कॅसल आणि लिटल यांनी कारण दाखवले. आई आणि बाप दोघांकडून हे जनुक आले तर पिल्लू गर्भातच मरते. म्हणून तिनात दोन पिवळी आणि एक साधे, असा हिशेब लागतो. चौथे जन्मालाच येत नाही. जी पिवळी जगतात ती मोठी झाल्यावर बेसुमार लठ्ठ होतात आणि त्यांच्या रक्तात साखर वाढते.

अंगावर पांढरा भाग जास्त हवा म्हणून चालणारी निवड याहून कपटी. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्याला हालचाल देणाऱ्या मज्जापेशी गर्भात एकाच मुळातून निघून आपापल्या जागी चालत जातात. पांढऱ्याच्या हव्यासात ती मुळचीच वाट अडवणारे जनुक निवडले गेले तर आतड्याचा शेवटचा भाग मज्जापेशींवाचून राहतो. पिल्लू वरून सुंदर दिसते, तीन-चार आठवड्यांचे झाले की पोट फुगते आणि मरते. चांगला शौकीन असा वंश तिथेच थांबवतो. वाईट शौकीन मेलेल्या पिल्लांची नोंद करत नाही.

जास्तीची पिल्ले हा याहून अवघड प्रश्न. प्रदर्शनासाठी उंदीर मोठा आणि भरदार हवा म्हणून माउसच्या शौकिनांत वेतातली निम्मी पिल्ले पहिल्या काही दिवसांतच मारायची जुनी रीत आहे. उरलेल्यांना दूध जास्त मिळते. जुनी मंडळी त्यात लपवण्यासारखे काही मानत नाहीत. दहा पिल्ले जन्मतात आणि पाळणारे घर दोघांनाच मिळते, हे गणित कोठेतरी चुकते करावे लागतेच, असे ते म्हणतात. आमच्या मते हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. बाकीच्या आठांना घर नाही हे जोडी लावण्याआधीही ठाऊक असतेच. केवळ बक्षिसासाठी जन्माला घालून चौथ्या दिवशी मारणे आणि आजारी, वेदनेत असलेल्या पिल्लाला सोडवणे यांना एकाच शब्दात बसवू नये.

रोगाची भीती मात्र मोजूनमापून बाळगावी. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला उंदीर गटारातल्या उंदराइतका धोक्याचा नाही, हे खरे. पण २०१७ साली अमेरिकेत घरगुती पैदास करणाऱ्यांच्या रॅटमधून सेऊल विषाणू पसरला. अकरा राज्यांत तो आढळला आणि सतरा माणसांना लागण झाली. जनावरांची अदलाबदल करताना कोणी कोणाकडून काय घेतले हे ज्यांनी लिहून ठेवले होते, त्यांच्यापर्यंतचा माग लवकर लागला असणार. येऊन-जाऊन पुन्हा वहीच.

आता आपल्याकडे. वन्यजीव कायद्याच्या पुस्तकात उंदीर बराच काळ उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होता, कावळा आणि वटवाघळाच्या पंगतीला. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेले. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. कुत्र्यांच्या पैदाशीवर २०१७ पासून वेगळे नियम आहेत. उंदराची पैदास कोणाच्या खिजगणतीत नाही, आणि तिच्यासाठी आणखी एक जाडजूड नियमावली काढावी असे आम्ही म्हणणारही नाही. प्राणी स्वस्त आहे, जेमतेम दोन वर्षे जगतो, त्याच्यासाठी निरीक्षक दारोदार फिरणार नाहीत. पण विक्रेत्याने नर आणि मादी वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावेत, जन्माची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी, जोडी मागणाऱ्याला दोन माद्या द्याव्यात, एवढे करायला कायदा लागत नाही. बहुतेक दुकानदार यातले काही करत नाहीत, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. घरातल्या मुलाने हट्ट धरला म्हणून दोन पांढरे उंदीर आणले. दोन्ही माद्या आहेत, असे विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला. उंदराला मांजर साक्ष. अठराव्या दिवशी सकाळी लाकडाच्या भुशात गुलाबी, शेंगदाण्याएवढी नऊ पिल्ले वळवळत होती. सगळ्यांनी कौतुक केले, आईला दूध-पाव दिला, आणि दुसरी 'मादी' तिथेच राहू दिली. विल्यावर लगेच दिवस राहतात हे आम्हाला तीन आठवड्यांनी, दुसऱ्या वेताने शिकवले. सतरा उंदीर आणि एक पिंजरा. नाल्यात सोडून द्या, असा सल्ला देणारे भेटलेच. जन्मभर दाणा समोर मिळालेला पांढराशुभ्र उंदीर नाल्याकाठी मांजर-कावळ्यांपुढे किती तास टिकेल, हे त्यांनी पाहिलेले नसावे.

शेवटी प्राण्यांच्या एका जाणत्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेताच्या वेळी युक्ती सांगितली. दहाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांच्या अंगावर नुकती लव आलेली असते. तेव्हा पिल्लू दिव्याखाली उताणे धरले की मादीच्या पोटावर दोन्ही बाजूंना स्तनांचे बारीक ठिपके ओळीने दिसतात. नराला ते नसतात. तीन-चार दिवसांत केस दाट होतात आणि ठिपके झाकले जातात. आम्ही टेबलावर दिवा ओढून बसलो. मुलाने शाळेची जुनी वही काढली, एकेका पिल्लाच्या शेपटीवर शाईचा ठिपका दिला आणि लिहिले, तीन नर, तीन माद्या. पुढच्या रकान्यात चौथ्या आठवड्याची तारीख टाकली आणि तिच्याखाली, पिंजरा दुसरा आणणे.